पहिल्या मुठीचा नारळ

अण्णा, तुमचा हात वाईट नव्हता. एवढंच सांगायचं आहे. ते सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण आधी ते तपासून बघायचं होतं. माझी ही सवय तुम्हाला आवडत नसे. "आमटीत मीठ हाय म्हटलं तरी ही पोर बोट बुडवून बघनार," असं तुम्ही आईला म्हणायचात, आणि आई चुलीकडे तोंड करूनच विचारायची, "मंग कुनावर गेली?" तुम्ही हसत नव्हतात, पण भाकरी मोडता मोडता तुमचा हात जरासा थांबायचा. ते मी बघितलेलं आहे.

यंदा जून सरत आला असताना मी पुण्याहून रजा काढून गावी आले. भावाचा निरोप होता की राब, लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, वाळायला लागलाय, ये. कर्जतला उतरले तर स्टेशनाबाहेर टांगेवाल्याचं घोडं धुळीत उभं होतं आणि त्या दिवसांत जी धूळ असायलाच नको ती घोट्यापर्यंत लागत होती. पाऊस येऊन गेला होता. नेहमीच्या वेळेला आला, चांगला पडला, राब हिरवे झाले, आणि मग वारा पडला. आभाळ पांढरं, ऊन वैशाखातलं. गावाच्या वाटेवर मी बायकांना नदीवरून हंडे आणताना पाहिलं. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी नदीत भर उन्हाळ्यातही वाहतं, मुंबईचे दिवे लावून झाल्यावर मोकळं झालेलं पाणी. पण ते आपल्या वरकसावर, डोंगरउताराच्या जमिनीवर, चढत नाही, ते डोक्यावरूनच न्यावं लागतं. एका हंड्यात राबाचा किती तुकडा भिजतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या राबाच्या बांधावर भाऊ उकिडवा बसला होता. पिवळ्या पडलेल्या रोपांकडे बघत म्हणाला, "ताय, तू सांगितल्यावानी अर्दं बी मुडीत ठेवलंय. आय महिनाभर शिव्या घालीत व्हती. आता गप हाय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "उंद्या गावकी बसतेय. तात्याकडनं नारळ काढनार."

वरच्या आळीतल्या तात्यांकडून. म्हणजे तुमच्यानंतर ज्यांच्या घरी तो नारळ गेला, त्यांच्याकडून.

कचेरीत माझ्याबरोबर काम करणारा एकजण मैदानी मुलखातला आहे. त्याला मी एकदा आपली पेरणी समजावून सांगितली. झाडांचे टहाळ, शेणी, पालापाचोळा जमिनीच्या एका तुकड्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायचं, त्या राखेत पावसाआधीच कोरडं भात पेरायचं आणि वाट बघायची. तो म्हणाला, पाऊस आल्यावर का नाही पेरत? मी म्हटलं, पाऊस आल्यावर आमच्याकडे जमीनच दिसत नाही. खाचरं भरतात तेव्हा लावणीला रोप हातात तयार लागतं. तो म्हणाला, मग हा जुगार झाला. मला राग आला, पण तो चुकीचं बोलत नव्हता. जुगार होता म्हणूनच गावाने तो एका माणसाच्या गळ्यात बांधला होता. पेरणीच्या आधी गाव एका घरात नारळ द्यायचं, तो भात झोडपून होईपर्यंत देव्हाऱ्यात ठेवायचा. त्या घरच्या कर्त्याने पहिली मूठ टाकायची आणि मगच बाकीच्यांनी. राब साधला तर हाताला यश. वाळला तर त्या घराने आपली बियाण्याची मुडी, पेंढ्यात बांधून ठेवलेलं भात, सोडून गावातल्या गरिबाला द्यायची, आणि नारळ दुसऱ्या घरी जायचा.

तुमची पेरणीची खूण मला माहीत आहे. घाटावरून, म्हणजे उगवतीकडून, गडगडत येतो तो वळीव. त्याच्यावर भरवसा नाही. मावळतीला माथेरानच्या डोंगरावर ढग टेकला आणि दुपार उलटली तरी उठला नाही, आणि खालापूरच्या अंगाने ओलसर वारा आला, की पेरायचं. एका वर्षी तुम्ही मला बरोबर नेलंत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. राखेत आपले पाय घोट्यापर्यंत काळे झालेत, टोपली माझ्या डोक्यावर आहे, तुम्ही मूठ भरून घेता आणि लगेच टाकत नाही, माथेरानकडे बघता. मी विचारते, "अण्णा, तो ढग आला कुठून?" तुम्ही म्हणता, "कुटून आला ते इचारू नको. टेकला का ते बघ." माझ्या आयुष्यातला शिकवणीसारखा मिळालेला पहिला दम तो. तो मी पाळला नाही. मी पुढे जे काही शिकले ते सगळं तो ढग आला कुठून एवढ्यापुरतंच होतं.

आणि तरीही नकाशांचं पुस्तक तुम्हीच आणलंत. कर्जतच्या बाजारातून, जुनं, पुठ्ठा निघालेलं. ओसरीवर बसून तुम्ही पानं उलटलीत आणि म्हणालात, "ह्यात आपला गाव नाय. पन समुद्र लई हाय." त्या पुस्तकात अरबी समुद्र नुसता निळा होता. त्यात काहीही लिहिलेलं नव्हतं, जणू तिथे काही घडतच नाही.

दुष्काळाचं ते साल आलं तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. घाटावर माणसं खडी फोडायला गेली, त्यांचे फोटो छापून आले. आपल्याकडचं कुणाला दिसलं नाही. आपल्याकडे पुढे थोडाफार पाऊस झाला आणि माणसं जगली. पण त्याआधी राब गेला. ढग टेकला होता, वारा आला होता, तुम्ही नेहमीसारखेच थांबून, बघून मूठ टाकली होती. मग सगळं थांबलं. गावकी बसली त्या संध्याकाळी मी देवळाच्या खांबाआड बायकांत उभी होते. तुम्हाला कुणी काही बोललं नव्हतं. कुणी बोलायच्या आतच तुम्ही उठलात, पंच्यात गुंडाळून आणलेला नारळ काढलात आणि तात्यांच्या हातात दिलात. "माज्या हाताचं यश सरलं," असं म्हणालात. घरी येताना मी म्हटलं, "अण्णा, वारा पडला. त्यात हाताचा काय संबंध?" तुम्ही वळून न बघता म्हणालात, "गप. गाव म्हनतंय ना, मंग वाईटच." गाव म्हणालं नव्हतं, अण्णा. तुम्ही म्हणाला होतात.

त्यानंतर आपली मुडी गेली. आई मामांकडून उसनं बी आणायला कोंडाणे गावाकडे गेली. तुम्ही मावळतीकडे बघायचं सोडलंत. अंगणात बाजेवर बसताना तोंड नेहमी उगवतीकडे करू लागलात. दोन पावसाळे गेले आणि तुम्हीही गेलात. डॉक्टरने काहीतरी छातीचं नाव सांगितलं. मी ते खरं मानते. शरमेने माणूस मरतो हे मी लिहिणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येत नाही. पण ती शेवटची दोन वर्षं तुम्ही शरमेत काढलीत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता हवामानाच्या कचेरीत मी काय करते ते सांगते. समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांवरचे खलाशी बादली पाण्यात सोडतात, वर काढून तिच्यात तापमापी धरतात आणि तो आकडा बिनतारी संदेशाने किनाऱ्याला पोचतो. असे आकडे माझ्या टेबलावर येतात. मी ते नकाशावर मांडते, त्याच निळ्यावर. आमचे एक वरिष्ठ सुरुवातीला म्हणाले होते, "बाई, तुम्ही आकडे मांडा, अर्थ आम्ही लावू." मी आकडे मांडत गेले आणि अर्थही लावत गेले, आता ते अर्थ विचारायला येतात, आणि जाताना आकडे बरोबर मांडलेत ना असंही विचारतात. असो. त्या निळ्यात फार घडतं. उन्हाळा संपता संपता नैर्ऋत्येचा वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून निघतो, त्याच्याबरोबर समुद्रातला प्रवाहच फिरतो. हिवाळ्यात दक्षिणेला वाहणारं पाणी उत्तरेला वाहायला लागतं. वरचं पाणी किनाऱ्यापासून ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. तो वारा पुढे अर्धा समुद्र ओलांडताना जी वाफ उचलतो, ती तुमच्या माथेरानवर टेकते आणि मग घाटावर आपटते. आणि या सगळ्याच्या पलीकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एक महासागर आहे. काही वर्षी त्याचं वरचं पाणी तापतं, तिकडचे वारे ढिले पडतात, आणि इकडे आपला पाऊस अडखळतो. सगळ्याच वर्षी नाही, पण बऱ्याच वेळा. मी जुनी सालं काढून बघितली. दुष्काळाचं ते साल त्यातलं होतं.

त्या निळ्यात मला बोट ठेवायला जागा सापडली, तेव्हा मी कचेरीत खुर्चीवर बसून होते.

गावकीला मी गेले. बायका खांबापलीकडे उभ्या राहतात, हे मी विसरले नव्हते. मी आत जाऊन सतरंजीच्या कडेला बसले. शेजारचे काका सरकले, ते गरजेपेक्षा बरेच सरकले. तात्या समोर बसले होते, वाळून काठी झालेले. नारळ त्यांच्या मांडीवर होता. ते उठायला लागले, तुम्ही उठला होतात तसेच, आधी एक हात जमिनीला टेकून. मी म्हटलं, "तात्या, बसा."

"तू कशाला मदी येतेस गं?" मागून कुणीतरी म्हणालं. "तुज्या बापाच्या येळंला आमी कुनी मदी आलो व्हतो?"

"नव्हता आलात," मी म्हटलं. "म्हणूनच मी आलेय."

मग मी सांगितलं. वारा, प्रवाह, दूरचं तापलेलं पाणी. मला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. सांगून झाल्यावर दुकानवाले काका म्हणाले, "म्हंजे हजारो कोसांवर पानी तापलं म्हनून आमचा राब जळला? मंग तितं येवड्या आंगोळी कोन करतंय गं?"

सगळे हसले. खांबापलीकडच्या बायकाही हसल्या, आईचं हसणं मला वेगळं ऐकू आलं. मी म्हटलं, "ते कशाने तापतं ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. पण तात्यांच्या मुठीने तापत नाही."

तात्या हसले नव्हते. "पोरी," ते म्हणाले, "माजा हात खोटा नाय म्हनतेस?"

"नाही."

"मंग तुज्या बापाचा?"

"तोही नव्हता."

"मंग आमी त्येच्याकडनं नारळ कशापायी घेतला?"

"ते तुम्ही सांगा."

कुणीतरी घाईने म्हणालं, "त्यानं सोताच दिला! आमी मागितला नव्हता!" तात्यांनी त्याला हाताने गप्प केलं. मांडीवरच्या नारळाकडे बघत राहिले. "दिला त्यानं," ते म्हणाले. "पन घेतला मी. लई बरं वाटलं व्हतं मला तवा." मग ते खरंच उठले, देवळाच्या पायरीपाशी गेले आणि नारळ पायरीवर आपटला. पाणी पायरीवरून खाली गेलं. "आरं तात्या, गावाचा नारळ!" अशी ओरड झाली. तात्या म्हणाले, "गावाचाच हाय, मंग गावानं खावा की! वाटा खोबरं. औंदापासनं पयल्या मुठीचं घर नाय."

खोबरं वाटलं. मला मिळालेला तुकडा मी तिथेच बसून खाल्ला. मग साहजिकच कुणीतरी विचारलं की आता दुबार पेरणी करायची कधी, कोण सांगणार, आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. नारळ फुटून पाच मिनिटं झाली नव्हती, अण्णा, आणि गाव दुसरा हात शोधत होतं. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. एका गावाचा पाऊस मला सांगता येत नाही. ज्याने त्याने आभाळ बघावं, अर्धं बी पेरावं आणि अर्धं ठेवावं. दर वर्षी."

"येवडी शिकली," दुकानवाले काका म्हणाले, "न् अर्दंच सांगतेय!"

"अर्धंच कळतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी भावाने आपली ठेवलेली मुडी न सांगता ओसरीवर आणून सोडली. आई म्हणाली, "बापानं बी असंच घर खाली केलं व्हतं." पण पायली तिनेच हातात घेतली आणि दुबार पेरणीला बी न्यायला आलेल्या बायकांना मोजून देताना प्रत्येकीची पायली हाताने सपाट न करता वर शीग ठेवून दिली. तात्यांच्या सुनेला पहिली. मी रजा संपायच्या आत निघाले तेव्हा पुन्हा थोडे ढग होते. पुढे पाऊस झाला. लावणी उशिरा झाली, भात हलकं आलं, पण आलं.

आता तुमच्याशी भांडण. तुम्ही आपणहून उठून नारळ दिलात, हा तुमचा मोठेपणा होता असं गावात अजून म्हणतात. मी म्हणत नाही. तुमचा हात वाईट ठरला म्हणून बाकी कुणाला काही विचारावं लागलं नाही. पुढच्या वर्षी त्याच खुणेवर, एकाच दिवशी, सगळं बी एकदम पेरलं गेलं. फरक एवढाच की मूठ दुसऱ्याची होती. तुम्ही त्या संध्याकाळी बसून राहायला हवं होतंत. "मला कळलं नाही" असं म्हणायला हवं होतंत. वाईट असणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही पहिली पत्करलीत कारण तिच्यात निदान मान होता.

तुमची खूण खोटी होती असंही मी म्हणत नाही. ढग माथेरानवर टेकणं ही एका ठरावीक समुद्राची खूण होती. तुमच्या आजांनी तो समुद्र न बघता त्याच्याशी ती जुळवून घेतली होती आणि ती पुष्कळ वर्षं चालली. पण आता बाहेरच्या मासिकांत येतं की कोळसा आणि तेल जाळून हवेतला एक वायू वाढतोय आणि त्याने हळूहळू हवा तापेल, समुद्रही तापेल. आमच्या कचेरीत काहीजण याला फॅशन म्हणतात. मी अजून काही म्हणत नाही, आकडे पुरेसे नाहीत. पण ते खरं निघालं तर ज्या समुद्रावर तुमची खूण बेतली होती तो समुद्रच राहणार नाही, आणि मग गावोगावची चांगली माणसं आपापल्या जुन्या खुणा नीट बघून, थांबून, मूठ टाकतील आणि राब वाळेल आणि ती उठून म्हणतील, माझा हात वाईट. हे मला चालणार नाही. त्यासाठी मला कुठल्या गावकीत सतरंजीवर बसावं लागलं तरी मी बसेन. कचेरीतही बसेन. तिथे सतरंजी नसते, पण सरकून बसणारे तिथेही आहेत.

आता राहिलेलं एक. देवळात मी म्हटलं की दूरचा समुद्र तापला म्हणून आपले राब वाळले. ते ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात मी कचेरीत कधी बोलत नाही. तिथे मी लिहिलं असतं की अशा वर्षी देशाच्या बऱ्याच भागांत पाऊस कमी पडण्याकडे कल दिसतो. एका गावातल्या एका राबाबद्दल यावरून काही ठरवता येत नाही. यंदाचे तर दूरच्या पाण्याचे पुरते आकडेही तेव्हा माझ्यापर्यंत आले नव्हते. तुमच्या मुठीनंतर वारा नेमका कशाने पडला, ते मला माहीत नाही. मला माहीत आहे त्यापेक्षा ठाम मी बोलले, हे तिथल्या कुणालाही कळलं नाही, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा त्याच आवाजात सांगेन. तुम्हाला पत्र पाठवायला पत्ता नाही, हे एका अर्थी बरंच आहे. पत्ता असता, तर हा शेवटचा परिच्छेद फाडून मगच मी पाकीट बंद केलं असतं.